विंडोज ९५ यांस अनावृत पत्र

आदरणीय विंडोज ९५ यांस, सा. न. वि. वि.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी आपले आगमन झाले आणि ३१ डिसेंबर २००१ रोजी मायक्रोसॉफ्टने आपल्या देखभालीतून अंग काढून घेतले. तरीही आभासी यंत्रात, म्हणजे एका ‘यजमान’ संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या संगणकात, आपली स्थापना करण्याची पाळी काहींवर अजून येते, आणि त्या वेळी आपण जो मानपान मागता त्याची कोठेतरी नोंद व्हावी, एवढ्यासाठीच हा पत्रप्रपंच.

बूट फ्लॉपी, डिस्कचे विभाग पाडणारी एफडिस्क आज्ञा आणि मग फॉरमॅट, हे सोपस्कार कोणीही निमूटपणे उरकील. खरा रुसवा पुढे आहे. फायली उतरवून यंत्र पुन्हा सुरू होते न होते तोच ‘विंडोज प्रोटेक्शन एरर’ असा फलक झळकतो, आणि त्याचे कारण यजमान संगणकाचे दारिद्र्य नसून त्याची सुबत्ता असते. आपल्या नेटवर्क व्यवस्थेतील एक भाग ठरावीक आवर्तने करून त्यांना किती मिलिसेकंद लागले ते मोजतो व त्या संख्येने भागाकार करतो, सुमारे २.१ गिगाहर्ट्झहून वेगवान प्रोसेसरवर ते मोजमाप शून्य येते, आणि शून्याने भागण्याची विद्या आपणासही अवगत नाही. मेमरीचेही तेच. चार मेगाबाइटांत संसार थाटण्याचे आश्वासन देणाऱ्या आपणास ५१२ मेगाबाइटांहून अधिक मेमरी देऊ केली, तर फाइलींच्या तात्पुरत्या साठ्यासाठी आपण इतके पत्ते अडवून ठेवता की इतरांस जागाच उरत नाही, आणि वर ‘मेमरी अपुरी आहे’ अशी तक्रार करता. शिवाय काम नसताना प्रोसेसरला विसावा देणारी ‘हॉल्ट’ ही सूचना आपण देत नसल्याने, पडद्यावर नुसते घड्याळ दिसत असतानाही यजमानाचा पंखा घोंघावत राहतो.

आपल्यावाचून कोणाचे अडते, असे विचारणाऱ्यांनी महाराष्ट्रातील एखाद्या जुन्या डीटीपी केंद्रात डोकावावे. तेथे आपल्या काळच्या पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये, युनिकोडपूर्व फॉन्टांत जुळवलेली पुस्तके पडून असतात. त्या फॉन्टांत मराठी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर बसवलेले असल्याने मूळ फॉन्ट नसेल तर संपूर्ण कादंबरी अर्थहीन चिन्हांची रांग होऊन दिसते. त्यातच अनेकदा त्या फॉन्टांच्या सॉफ्टवेअरला प्रिंटर पोर्टात खोचलेले हार्डवेअर लॉक लागत असे, आणि नव्या लॅपटॉपला तो पोर्टच नसतो. (हा दोष मात्र आपला नव्हे, हे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे.)

सबब विनंती की, वेग सोसण्याची दुरुस्ती चढवून व मेमरी बेताची ठेवून आपली सोय लावल्यावर त्या फायली बाहेर निघेपर्यंत तरी आपण रुसू नये. इंटरनेटची जोडणी कृपया मागू नये. आपल्या सुरक्षा-त्रुटींवर उतारा देणे कंपनीने केव्हाच थांबवले आहे, त्यामुळे ती मिळणार नाही.

कळावे, लोभ असावा.

यजमान संगणकांच्या मालकवर्गातर्फे