आधी पानं घ्या

शनिवारी कुणाच्या घरी ‘बसायचं’ ठरलं की किती जण, काय आणायचं, बर्फ आहे का, सगळं विचारलं जातं. जेवण किती वाजता, हे कुणी विचारत नाही. आठला ग्लास भरतात, नऊला शेंगदाणे संपतात, दहाला फरसाणाचं दुसरं पाकीट फुटतं आणि रश्शाची आठवण होते तेव्हा पावणेबारा वाजलेले असतात. तोवर निम्म्या लोकांची भूक मेलेली असते, एक जण सोफ्यावर आडवा झालेला असतो, आणि जिने दुपारपासून मटण शिजवलं ती तिसऱ्यांदा पातेलं गॅसवर चढवत असते. ही पद्धत मोडीत काढायला हवी. ग्लास आणि ताट एकाच वेळी टेबलावर आलं पाहिजे, माझं म्हणणं एवढंच आहे.

त्यावर ठरलेलं उत्तर येतं: “जेवल्यावर चढत नाही, पैसे वाया जातात.” असं म्हणणाऱ्याला चव नको आहे, गप्पाही नको आहेत, फक्त चढायला हवी आहे. त्यासाठी मित्रांना गोळा करण्याची गरज नाही.

शरीराचा हिशेब साधा आहे. दारू मुख्यतः लहान आतड्यात शोषली जाते. पोटात अन्न असेल तर ती जठरात रेंगाळते आणि रक्तात सावकाश उतरते. पोट रिकामं असेल तर भरकन पोचते आणि डोक्याचा ताबा घेते. यकृताची चाल मात्र बदलत नाही, तासाला साधारण एक स्मॉल पेग. लिंबूपाणी, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, यातल्या कशानेही ती वाढत नाही. आणि शेंगदाणे-वेफर्स म्हणजे जेवण नव्हे. खारट चखण्याने तहान लागते आणि तहानलेला हात पाण्याच्या जगकडे जात नाही, भरलेल्या ग्लासाकडेच जातो.

वाइनच्या बाबतीत तर आपण अन्यायच करतो. ती मुळात जेवणाबरोबर घ्यायची गोष्ट आहे आणि आपल्या राज्याने तिच्यासाठी खूप केलं आहे. ऐंशीच्या दशकात नारायणगावला फेसाळती वाइन तयार होऊ लागली. 2000 साली नाशिकच्या सुला वाइनरीची पहिली वाइन बाजारात आली. 2001 मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी वेगळं धोरण आणलं. आज दिंडोरीपासून अकलूजपर्यंत वाइनरी आहेत. उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, मग जानेवारी ते मार्च तोडणी. मधल्या काळात अवकाळी आला की बागाईतदाराची झोप उडते. एवढ्या कष्टाची ती बाटली आपण भर उन्हाळ्यात कपाटातून काढतो, पाण्याच्या ग्लासात काठोकाठ ओततो, शेवेबरोबर पितो आणि वर म्हणतो, “आंबट आहे हो, आपल्या जिभेला नाही चालत.”

जिभेचा यात काही दोष नाही. रेड वाइन ‘रूम टेम्परेचर’ला द्यावी, हा सल्ला युरोपातल्या जुन्या गार घरांमधला आहे. तिथली खोली सोळा-अठरा अंशांची असे. पुण्यात एप्रिलमध्ये खोली तीस-बत्तीस अंशांवर असते. एवढ्या उष्णतेत रेड वाइनमधली दारू तेवढी नाकात जाते, फळाचा गंध हरवतो. रेडची बाटली तास-दीड तास फ्रिजमध्ये ठेवा. व्हाइट दोन-तीन तास ठेवा आणि टेबलावर आणल्यावर बर्फाच्या पाण्यात उभी करा, पातेलंही चालेल. ग्लास एक तृतीयांशच भरा. वरची मोकळी जागा वासासाठी असते.

आता ताटात काय? कोथिंबीर वडी, अळूवडी, साबुदाणा वडा यांच्याबरोबर नाशिकची शेनिन ब्लां घेऊन बघा. या द्राक्षाचं मूळ फ्रान्सच्या ल्वार खोऱ्यातलं, पण नाशिकच्या मातीत ते छान रुजलं. थोडी गोडसर शेनिन आपला तिखटपणा सांभाळून घेते. रव्यात तळलेल्या सुरमईबरोबर सोव्हिन्यों ब्लां घ्या, लिंबाची फोड पिळावी तसं काम ती करते. तांबड्या रश्शाबरोबर मात्र जड शिराझ उघडू नका, कितीही महाग असली तरी. मिरचीची आग आणि दारूची आग एकमेकींना भडकवतात आणि रेडचा तुरटपणा तोंडात खरखरतो. तिथेही गार शेनिनच काढा, नाहीतर रोझे. शिराझ ठेवा सुक्या मटणासाठी, तेही मिरची बेताची असेल तर.

‘वाइन म्हणजे बायकांचं सरबत’ म्हणणाऱ्यांना एक आकडा सांगायचा आहे. साडेबारा-तेरा टक्क्यांच्या वाइनचा 150 मिलीचा ग्लास म्हणजे 42.8 टक्क्यांच्या व्हिस्कीचा दीड स्मॉल. सरबत म्हणून रिकाम्या पोटी तीन ग्लास रिचवले, म्हणजे साडेचार स्मॉल झाले. बाटलीत असे पाच ग्लास असतात. किती जणांत किती बाटल्या, हे यजमानाने आधीच मोजावं.

कॉकटेलमध्ये तर मोजमापाशिवाय पाऊलच टाकू नये. घरी कॉकटेल करणाऱ्यांचा हात मोकळा असतो आणि त्यालाच पाहुणचार समजलं जातं. नेग्रोनीत जिन, कांपारी आणि वर्मूथ प्रत्येकी 30 मिली. छोटासा ग्लास, त्यात बर्फाचा मोठा खडा, वर संत्र्याची साल, आणि आत जवळजवळ दोन स्मॉलची दारू. लाँग आयलंड आइस्ड टीमध्ये पाच प्रकारची दारू प्रत्येकी 15 मिली असते. लागतो मात्र गार चहासारखा, म्हणून पोरंपोरी भराभर पितात. स्टीलचं मेजर कुठेही स्वस्तात मिळतं. ते न वापरता पाहुण्याच्या ग्लासात अंदाजे ओतणं हा औदार्याचा नव्हे, बेफिकिरीचा भाग आहे.

आमच्याकडे सगळ्यात जास्त खपतं ते कोकमाचं. उंच ग्लासात दोन चमचे आगळ, चमचाभर गूळपाणी, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड, उभी चिरलेली अर्धी हिरवी मिरची, भरपूर बर्फ आणि वरून सोडा. आगळात मीठ असतंच, वेगळं घालू नका. ज्याला हवी त्याच्या ग्लासात 30 मिली जिन आधी घालायची, ज्याला नको त्याच्यात घालायची नाही. दोन्ही ग्लास दिसायला सारखेच जांभळट-लाल. त्यामुळे न पिणाऱ्याला कोपऱ्यात कोल्ड्रिंकची बाटली धरून बसावं लागत नाही आणि “एक घे रे, काही होत नाही” हे वाक्य ऐकावं लागत नाही. जिलबीचा आग्रह पंक्तीत शोभतो. दारूचा आग्रह कुठेच शोभत नाही. ‘नको’ म्हणणारा माणूस औषध घेत असेल, सोडण्याची धडपड करत असेल, किंवा त्याला आवडत नसेल. कारण विचारण्याचाही आपल्याला हक्क नाही.

पुरुष हॉलमध्ये, बायका आतल्या खोलीत आणि घरची बाई ओट्यापाशी, अशी वाटणी अजूनही बऱ्याच घरांत असते. जेवण पुढे ढकललं जातं ते तिच्या जिवावर. ती जेवलेली नसते, बसलेली नसते आणि झोपू शकत नसते. मित्रांसाठी रांधणारं माणूस त्या टेबलावर बसणार नसेल तर ती पार्टी कसली? म्हणून पदार्थही तसे ठेवा. मटण दुपारीच शिजवून ठेवता येतं, मुरलेलं जास्त चांगलं लागतं. भाकऱ्यांसाठी कुणाला तरी उभं राहावं लागतं, म्हणून त्या दिवशी पाव आणि भात. वड्या उकडून ठेवलेल्या असल्या की तळायला दहा मिनिटं. ते काम ज्याने मित्रांना बोलावलं त्याने करावं.

गोव्यात हे शहाणपण अजून टिकून आहे. मार्च ते मे हा हुर्राकचा मोसम. काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाची पहिली धार म्हणजे हुर्राक, पुन्हा ऊर्ध्वपातन केलं की फेणी. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हुर्राक सौम्य असते आणि फार टिकत नाही, म्हणून ती मोसमातच प्यायची. लिंबू, मीठ, चिरलेली मिरची, वरून लिम्का. दुपारी घरी एखादा ग्लास, लगेच हुमण-भात, मग पंखा लावून झोप. तीन दिवसांसाठी आलेले आपले पर्यटक तीच हुर्राक सकाळी किनाऱ्यावर उपाशीपोटी ढोसतात आणि भरसमुद्रात शिरतात. जीवरक्षकांची दमछाक होते ती अशांमागे.

बाहेर जायचं असेल तरी क्रम तोच. बसल्या बसल्या आधी खाण्याची ऑर्डर द्या, ड्रिंक्सची त्याच्या मागून. ‘एकावर एक फ्री’ची वेळ संध्याकाळची, दुपारचं जेवण जिरल्यानंतरची असते. तिथे उपाशी जाऊ नका. ग्लासावर वाइन मागवलीत तर बाटली कधी उघडली हे विचारा. तीन-चार दिवस उघडी असलेली वाइन मरगळलेली असते आणि विचारणं हा उद्धटपणा नाही. दर ड्रिंकमागे एक ग्लास पाणी प्या. गाडी घरी ठेवा. 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमच्या पुढे अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच गुन्ह्याला दहा हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण दंडाच्या भीतीनेच थांबायचं का? रात्री रस्त्यावर दुसऱ्याचं पोर चालत असतं.

आणि ‘रोज एक रेड वाइन हृदयाला चांगली’ हे पालुपद आता बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की दारूचं कुठलंही प्रमाण पूर्ण सुरक्षित नाही. औषधाचं नाव पुढे करून पिऊ नये. चव आवडते, मित्र आवडतात, म्हणून कधीतरी, थोडी, मोजून घेतो, असं सरळ म्हणावं. मुलांसमोरही हेच म्हणावं. आणि बावीस वर्षांच्या भाच्याला व्हिस्कीचा पेग भरून देणाऱ्या मामांनी लक्षात ठेवावं की महाराष्ट्रात कडक दारूसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे.

येत्या शनिवारी मित्रांना बोलावलं असेल तर आज निरोप पाठवताना एक ओळ वाढवा: साडेसातला या, साडेआठला पानं घेणार आहोत.