वासरू निघाले

अपराध करणाऱ्याची जेवढी सोय मराठी भाषेने केली आहे तेवढी कोणत्याही कायद्याने आरोपीच्या वकिलाचीही केलेली नाही. आमच्याकडे बशी कोणी फोडत नाही, ती फुटते. उसने पैसे बुडवत कोणी नाही, ते द्यायचे राहून जातात. आणि अगदी गळ्याशी आलेच तर ‘विसरायला झाले’ असे म्हणून सदरहू इसम आपल्याच वाक्यातून सहीसलामत निसटतो. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले, तेव्हा अकर्मक क्रियापदे अकर्मण्यांच्या इतकी कामी येतील, हे त्यांच्या ध्यानी आले नसावे.

पवित्र शास्त्रातही या विद्येचे दाखले आहेत. आदाम आणि हव्वा यांची जबानी सर्वांना पाठ असल्यामुळे सोडून देतो. पण खरा उस्ताद अहरोन. मोशे चाळीस दिवस सीनाय पर्वतावर असता त्याच्या या थोरल्या भावाने लोकांच्या कानांतील सोन्याची कुंडले मागवून घेतली, ती आटवून कोरणीने वासरू घडवले, त्यापुढे वेदी बांधली आणि दुसऱ्या दिवशीच्या उत्सवाचा पुकाराही केला. आणि धाकट्याने खाली उतरून जाब विचारताच कैफियत दिली ती अशी, की लोक मुळात वाईट वृत्तीचे, त्यांनी सोने दिले, ते मी अग्नीत टाकले, तो हे वासरू निघाले! कोरणीचा उल्लेख कैफियतीत नाही.

ही हकीकत मी राजुरास एका चुन्याच्या भट्टीपाशी तेथील एका जुन्या कामगाराला सांगितली. कोळशाचा आणि दगडाचा थर एकावर एक रचण्यात त्याची हयात गेली आहे. शंभर किलो शुद्ध चुनखडीतून छप्पन किलोच कळी हाती लागते, बाकीचे वायुरूपाने उडून जाते, हे रसायनशास्त्र तो पुस्तकाविना जाणतो. अंगावरची पांढरी भुकटी झटकीत तो म्हणाला, “मास्तर, भट्टीत वजन घटते, हे खरं. पण दगड टाकला अन् म्हैस निघाली, असं त कधी झालं नाही बा. त्यानं हत्यार लपवलं असन.” यवतमाळास १९५३ पासून पुण्यास जाईपर्यंत, म्हणजे १९८३ पर्यंत, युनियन बिब्लिकल सेमिनरी नांदत होती, तेथील पंडितांनी या उताऱ्यावर पुष्कळ विवरण केले असेल, पण याहून नेमके केले असेल असे मला वाटत नाही.

याउलट दावीद राजा. नाथान संदेष्ट्याने तोंडावर दोषारोप करताच त्याने ना बथशेबेच्या स्नानाची सबब सांगितली, ना रणधुमाळीची. पाप केल्याचे एका वाक्यात कबूल केले. मात्र आमचे व्याकरण येथेही हात देण्यास तत्पर! ‘मी पाप केले’ या वाक्यातील क्रियापद कर्त्याकडे ढुंकूनही पाहत नाही, ते पापाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते.

हे सारे मी मोठ्या तोंडाने त्या कामगाराला ऐकवीत होतो खरा; पण त्याच्या मुलाच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरून पाठवण्याचे मी श्रावणात पत्करले होते आणि मुदत दिवाळीपूर्वीच सरली होती, ही गोष्ट आम्हा दोघांनाही ठाऊक होती. “अर्जाचं काय झालं?” त्याने अखेर विचारले. कोळशाची धूळ, टपालाचा घोळ, माझी पाठदुखी, असे तीन साक्षीदार मी मनातल्या मनात उभे केले आणि म्हणालो, “राहून गेला.”

“राहून गेला, का ठेवला?”

संध्याकाळी तो अर्ज परत मागायला घरी आला. मेजाच्या खणातून, गेल्या नाताळच्या भेटपत्रांखालून, मी तो काढून त्याच्या चुन्याने तडकलेल्या हातात दिला. त्याने तो दिव्याखाली धरला. मुलाच्या नावावर चहाच्या कपाचे तपकिरी वर्तुळ उमटले होते.

“डाग पडला,” मी म्हणालो. तो काहीच बोलला नाही.

“पाडला,” मी म्हणालो. “मी.”