अपग्रेडकाका

संगणक बंद पडला की दुरुस्तीवाला येतो. चांगला चालत असला की अपग्रेडकाका येतात. डोंबिवली असो की कोथरूड, सोसायटी म्हटली की हे गृहस्थ आलेच. सरकारी खात्यातून निवृत्त, खिशात पेनाच्या जोडीला स्क्रूड्रायव्हर आणि जानव्याला किल्ल्यांबरोबर बांधलेला ३२ जीबीचा पेनड्राइव्ह. त्यात विंडोज ११. जानव्याला असल्यामुळे त्याला व्हायरस लागत नाही, अशी त्यांची श्रद्धा असावी.

१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख काकांना तोंडपाठ. त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला आणि काकांना घरोघरी शिरायला निमित्त मिळालं. "अहो, दार सताड उघडं टाकून झोपताय तुम्ही!" हे ते अशा आवाजात म्हणतात, की घरातलं कुणीतरी उठून खरंच कडी बघून येतं. "नाव नोंदवलं तर आणखी वर्षभर सुरक्षेचे अपडेट मिळतात म्हणे," असं कुणी चाचरत म्हणालंच, तर काका कडाडतात, "मुदतवाढ मागत बसायचं?" निवृत्तीच्या वेळी त्यांनी स्वतः मागितली होती म्हणतात, पण तो विषय कोण काढणार!

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांचा संगणक २०१४ चा. भजनी मंडळाची पत्रकं त्यावर जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाइप व्हायची, जुना प्रिंटर करकरत छापायचा, कुणाची तक्रार नव्हती. प्रोसेसर इंटेलच्या चौथ्या पिढीतला. गाण्याच्या घराण्यात चौथी पिढी म्हणजे केवढा मान. विंडोज ११ मात्र आठव्या पिढीच्या आधीच्यांना दारात उभं करत नाही. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, तीही त्या मशिनात नव्हती. पडद्यावर नापासाचा शेरा आला आणि काकांचा चेहरा उजळला. "हे सगळं सांगण्यापुरतं असतं हो!" रुफस नावाच्या छोट्याशा प्रोग्रामने पेनड्राइव्ह तयार करताना या अटींना त्यांनी आधीच फाटा दिलेला होता.

सी ड्राइव्हवर जागा नव्हती. नातवाच्या मुंजीचा व्हिडिओ तीन ठिकाणी साठवलेला सापडला. दोन मुंजी उडवल्या, अपग्रेड सुरू झालं. मग पडदा काळा, पुन्हा उजेड, पुन्हा काळा. शेवटी केलेले बदल मागे घेत असल्याची सूचना आणि एक लांबलचक कोड: शून्य-एक्स-सी-एक-नऊ-शून्य-शून्य-एक-शून्य-एक. हा कोड म्हणजे बहुधा एखादा ड्रायव्हर आडवा आल्याची खूण. नको ती उपकरणं सोडवा, बाहेरून घातलेला अँटिव्हायरस काढा, ड्रायव्हर नवे घाला आणि पुन्हा करून बघा, इतका साधा उपाय. पण साध्या उपायात काकांना कमीपणा वाटतो. त्यांनी कोड वीजबिलाच्या पाठीवर उतरवला, चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचला आणि विचारलं, "अर्थिंग कधी तपासलं होतं?"

अर्थिंग ठीक निघालं. मग कॅबिनेट उघडलं.

"वहिनी, खोडरबर आहे का घरात? पेन्सिलीचं हवं, शाईचं नको."

नातवाच्या कंपासपेटीतलं खोडरबर आलं. काकांनी रॅमची पट्टी काढली, तिच्या सोनेरी दातांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवलं, डोळे मिटून फुंकर मारली आणि पट्टी टक्कन आवाज होईपर्यंत परत बसवली. इतका जीव लावून त्यांना दुसरं काही करताना मी पाहिलेलं नाही. खोडरबराने रॅम साफ होते हे खरं. ड्रायव्हरचं भांडण मिटत नाही, हेही खरं. नातवाने मागे लोंबणाऱ्या प्रिंटरच्या केबलकडे बोट दाखवलं. "हा काढून बघू या का?"

"त्याचा काय संबंध?" काका म्हणाले आणि पेनड्राइव्हसकट पुन्हा वाकले.

पुन्हा काळा पडदा, पुन्हा तोच कोड. रात्री साडेनऊला संगणक मुकाट्याने विंडोज १० वर परतला. आजोबांनी धास्तावून पत्रक उघडलं. अक्षरं जागच्या जागी होती. प्रिंटर करकरला.

"बघा!" काकांनी कपाळाचा घाम पुसला. "आता कसा मोकळा झालाय! आधी असा चालत होता का?"

"असाच चालत होता," आजोबा म्हणाले.

"छे, छे! तुम्हाला रोजची सवय, म्हणून कळत नाही." काका पेनड्राइव्ह जानव्याला बांधत म्हणाले. "आणि त्या दोन मुंजींची जागा मिळाली, ती वेगळीच."