बॅकअप डीमध्ये आहे

जावई कॉम्प्युटरमधला असतो, अशी आमच्या सासुरवाडीची समजूत आहे. मी विमा कंपनीत नोकरी करतो. तिथे माझ्या टेबलावर कॉम्प्युटर असतो, एवढा पुरावा नानांना पुरला. त्यामुळे डोंबिवलीत माउसचा सेल संपला तरी फोन मला येतो.

या वेळचा फोन मात्र गंभीर होता. "जावईबापू, कॉम्प्युटर सायकलीबद्दल काहीतरी म्हणतोय."

तो म्हणत होता, 'डेटा एरर, सायक्लिक रिडन्डन्सी चेक'. हार्ड डिस्कवर लिहिलेल्या मजकुराबरोबर पडताळणीचा एक आकडाही ठेवलेला असतो. वाचताना हिशेब करून तो आकडा आला नाही, की असा आरडाओरडा होतो. नानांची हयात सरकारी लेखा शाखेत गेली. ते म्हणाले, "म्हणजे ताळा जमत नाही, एवढंच ना? आमच्याकडे मार्चमध्ये रोजचं होतं ते."

मी पोचलो तोवर घरात तज्ज्ञ जमलेले होते. नाना सोसायटीचे सचिव, त्यामुळे त्यांचा कॉम्प्युटर आजारी पडणं ही सार्वजनिक घटना असते. समोरच्या काकांनी कॅबिनेट उघडून, वरचं खंडेनवमीचं सुकलेलं झेंडूचं फूल आदराने बाजूला ठेवून, रॅम काढून खोडरबराने घासायला घेतली होती. हा उपाय रॅमच्या बाबतीत कधी कधी लागू पडतो, हे कबूल करायला हवं. पण तक्रार हार्ड डिस्कची होती. काकांचं म्हणणं, रॅम घासली की सगळ्यांनाच बरं वाटतं.

रॅमनंतर ते डिस्ककडे वळले. ती उघडून आत स्पिरिटचा बोळा फिरवायचा बेत होता. डिस्कच्या झाकणाला चांदणीच्या आकाराचे स्क्रू असतात आणि काकांच्या पेटीत साधाच स्क्रू ड्रायव्हर होता, म्हणून अनर्थ टळला. डिस्कमधली तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. वाचणारं टोक तिच्यापासून अवघ्या काही नॅनोमीटरवर तरंगत असतं. माणसाचा केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड. आणि त्या फटीत काका कापूस घालणार होते.

तळमजल्यावरच्या कॉलेजकुमाराने डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायला सांगितलं. ही दंतकथा जगभर फिरते. गार डिस्क बाहेर काढली की तिच्यावर दव धरतं, हे सांगायला मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईंनी निकाल दिला. "फ्रीझरमध्ये मटार आहेत." विषय संपला.

नेहमीच्या दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केलं, "बॅड सेक्टर आलेत काका, फॉरमॅट मारावं लागेल." त्याच्याकडे प्रत्येक रोगावर हे एकच औषध आहे. खुद्द विंडोजही त्याच्याच बाजूने बोलत होतं. डी ड्राइव्ह उघडायला गेलं की ते म्हणे, ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का? किल्ली लागत नाही, तर बिल्डिंग पाडून नवीन बांधून देऊ का, असं विचारणाऱ्या बिल्डरचा प्रेमळपणा त्या खिडकीत होता. मी 'कॅन्सल' दाबलं. माझ्या तांत्रिक ज्ञानाचा निम्मा भाग या बटणात सामावलेला आहे.

उरलेला निम्मा म्हणजे डिस्कची स्वतःची वही. या घरात गुडघ्यापासून पित्तापर्यंत सगळ्यांची दुखणी ऐकवली जातात. डिस्क तेवढी बिचारी आपलं दुखणं आकड्यांत लिहून गप्प बसते. या नोंदींना 'स्मार्ट' म्हणतात, आणि क्रिस्टलडिस्कइन्फो नावाच्या फुकट प्रोग्राममध्ये त्या दिसतात. पाचवी नोंद म्हणजे खराब ठरल्यामुळे राखीव जागेत हलवलेले सेक्टर. १९७ वी म्हणजे वाचता येईनात, पण पुढचा निर्णय झालेला नाही असे सेक्टर. काही ठिकाणी तिलाच सी-५ लिहितात. १९९ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा, आणि माणूस स्वस्तात सुटतो. आमचा १९९ शून्य होता. १९७ मात्र दर खेपेला वाढलेला दिसे.

"हे प्रलंबित सेक्टर आहेत, नाना."

"प्रलंबित म्हणजे नामंजूर नव्हे," नाना म्हणाले. "मग एवढी घाई कसली?"

मग मी गूगलचा दाखला काढला. २००७ साली त्यांच्या अभियंत्यांनी आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिला दोष सापडलेली डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता निर्दोष डिस्कच्या ३९ पट असते, असं त्यांना आढळलं. आणि बंद पडलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कांनी वहीत काहीच लिहिलं नव्हतं. नानांनी सगळं शांतपणे ऐकलं.

"काही बिघडत नाही. बॅकअप आहे," ते म्हणाले.

मला सासऱ्यांचा अभिमान वाटला. "कुठे आहे?"

"डीमध्ये."

मराठी घरांत सी, डी आणि ई या तीन वेगवेगळ्या वस्तू मानल्या जातात. सी बिघडतो, डीला काही होत नाही, ई नातवंडांच्या गेमसाठी असतो. तिघं एकाच तबकडीवर राहतात, हे मी कागदावर काढून दाखवलं. नाना त्या चित्राकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे दुकानदाराने सांगायला हवं होतं."

काकांना आता चेकडिस्क चालवायची होती. चेकडिस्क फायलींची यादी नीट लावते. त्या लावालावीत ज्यांचं नावगाव हरवलं, ते तुकडे फाइल०००० अशा नावांनी वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते. शिवाय आधीच धाप लागलेल्या डिस्कला पूर्ण मैदानाला चक्कर मारायला लावते. म्हणून आधी नक्कल, मग दुरुस्ती. मी डिस्क काढली, यूएसबीने माझ्या लॅपटॉपला जोडली. पूर्ण नक्कल होईपर्यंत ती तग धरेल याची खात्री नव्हती, म्हणून विचारलं, "नाना, सगळ्यात आधी काय वाचवू?"

हा प्रश्न बायकोच्या देखत विचारायला नको, हे सुचायच्या आत उत्तर आलं होतं.

"थकबाकी."

मेंटेनन्सची थकबाकी. त्यानंतर पाण्याच्या टाकीची कोटेशनं. त्यानंतर सभांची इतिवृत्तं. त्यानंतर 'न्यू फोल्डर', 'न्यू फोल्डर दोन' आणि त्याची कॉपी. आत काय आहे ते नानांना आठवत नव्हतं, पण ज्या अर्थी कॉपी काढली त्या अर्थी महत्त्वाचं असणार.

"आणि माझ्या लग्नाचे फोटो?" बायकोने विचारलं.

"ते आहेतच की अल्बममध्ये," नाना म्हणाले.

पुढची दहा मिनिटं मी लॅपटॉपकडे अत्यंत एकाग्रतेने बघत होतो. शेवटी क्रम सासूबाईंनी ठरवला. आधी नातवाचं बोरन्हाण, मग लग्न, मग थकबाकी, आणि तोवर जेवून घ्या.

उरलेल्या भागासाठी रात्रभर डीडीरेस्क्यू लावला. हा शहाणा प्रोग्राम आहे. सोपं ते आधी उचलतो, अडलेल्या जागा टिपून ठेवतो आणि शेवटी त्यांच्या मागे लागतो. सकाळपर्यंत जवळजवळ सगळं हाती आलं. काही सेक्टर गेले ते गेलेच. त्यांत पार्किंगच्या वादाचं इतिवृत्त होतं, आणि त्याबद्दल सोसायटीतल्या दोन्ही गटांनी समाधान व्यक्त केलं.

नानांनी बॅकअपसाठी बाहेरची डिस्क विकत आणली. ती अजून खोक्यातच, लोखंडी कपाटाच्या लॉकरमध्ये, सासूबाईंच्या पाटल्यांशेजारी आहे. वापरली की खराब होते, असं त्यांचं मत आहे.

तुमच्याही घरात डीमध्ये बॅकअप ठेवून निर्धास्त झालेलं कुणी ना कुणी असेलच. त्यांची १९७ वी नोंद आजच बघून घ्या. आकडा वाढलेला असेल तर लगेच कॉपी करायला बसा. शून्य असला तरी बसाच.