घरच्या घरी फ्लोराइट

सर्वप्रथम अभिनंदन! आयुका या खगोलसंस्थेच्या कार्यशाळेत किंवा कुणा खगोलवेड्या मित्राच्या गच्चीवर तुम्ही दुर्बिणीचा आरसा घासलात, त्यात शनीची कडी दिसली आणि आता काच तुम्हाला फारच बाळबोध वाटू लागली आहे. तुम्हाला फ्लोराइट, म्हणजे कॅल्शियम फ्लोराइडचा स्फटिक हवा आहे. हौस खानदानी आहे. जर्मनीतल्या येना इथे भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबेने १८८६ साली सूक्ष्मदर्शकाच्या भिंगांत फ्लोराइट वापरून प्रतिमेच्या कडेची रंगीत झालर घालवली, तीही खाणीतून निघालेले नैसर्गिक स्फटिक निवडून निवडून. कॅननला कॅमेऱ्याच्या भिंगात फ्लोराइट आणायला १९६९ साल उजाडलं, आणि त्यासाठी स्फटिक आधी भट्टीत वाढवावे लागले. तुमच्याकडे आख्खा शनिवार-रविवार आहे. सुरू करू या.

पायरी पहिली: झाडू मारू नका. मोहसच्या मापावर फ्लोराइटचा कठीणपणा ४, आणि धुळीत मिसळलेल्या वाळूचा, म्हणजे क्वार्ट्‌झचा, ७. थोडक्यात, तुमच्या खोलीतली धूळ तुमच्या भिंगापेक्षा दणकट आहे. ओल्या फडक्याने सगळं पुसा, अंगठ्या काढा, शर्ट बदला. शर्ट का, असं विचाराल. आधी घासायला वापरलेल्या जाड भुकटीचा एक दाणा बाहीला चिकटून बसलेला असतो आणि तो नेमका शेवटच्या झिलईच्या वेळीच खाली उतरतो. काचेवर तो एक ओरखडा काढतो. इथे नांगरट करतो.

पायरी दुसरी: पंखा बंद करा. होय, मे महिना असला तरी. फ्लोराइट उष्णतेने नेहमीच्या भिंगाच्या काचेच्या अडीचपटीहून जास्त फुगतो. १ सेंटिमीटर जाडीचा तुकडा १ अंशाने तापला की सुमारे १९० नॅनोमीटरने जाड होतो, आणि तुम्हाला पृष्ठभागावर जी चूक खपवून घ्यायची आहे ती जेमतेम ६३ नॅनोमीटरची आहे: हीलियम-निऑन लेसरच्या तरंगलांबीचा दहावा भाग. म्हणजे बोट टेकलं तिथे टेंगूळ आलं. ते टेंगूळ तुम्ही मन लावून घासून सपाट केलंत, तुकडा निवला, आणि टेंगळाच्या जागी खळगा तयार. तेव्हा स्फटिकाला हात न लावता तो घासायचा आहे. हे जमलं की पुढचं अगदी सोपं.

पायरी तिसरी: पिच, म्हणजे ज्यावर झिलई करायची तो डांबरासारखा थर. काचेसाठी बनवलेलं पिच शेजाऱ्याला द्या. इथे मऊ लागतं; राळेत थोडं मेण मिसळून अनेक जण ते मऊ करतात. गुलाबी सिरियम ऑक्साइडचा उरलेला डबाही बाजूला ठेवा. इथे ॲल्युमिना किंवा हिऱ्याची अतिसूक्ष्म भुकटी. जोर किती द्यायचा? सहाणेवर चंदन उगाळताना देता, तोही इथे जास्तच. दाबलंत तर भुकटीचे दाणे घासण्याऐवजी स्फटिकात रुतून बसतात आणि मग ते तिथले कायमचे रहिवासी होतात.

पायरी चौथी: घासा. सगळीकडे सारखं घासलंत तरी सगळीकडे सारखं झिजणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. काचेला दिशा नसते, स्फटिकाला असते. एका दिशेने तो मवाळ, दुसऱ्या दिशेने हट्टी. त्यामुळे गोल भिंगावर तीन पाकळ्यांची नक्षी उमटू शकते. ती मुद्दाम काढलेली आहे असं घरच्यांना सांगता येतं, पण पृष्ठभाग मोजणाऱ्या इंटरफेरोमीटरला सांगता येत नाही. शिवाय हा दगड चार ठरावीक प्रतलांत सरळ दुभंगतो. कडा आधी मारून घेतल्या नसतील तर टवका उडतोच, आणि तो सहसा काम संपत आल्यावर उडतो.

आता आरशासारखं चकचकीत दिसतंय? दिसणारच. झिलईने ओरखडे झाकले जातात, जात नाहीत. जाड भुकटीने केलेल्या भेगा पृष्ठभागाखाली दाण्याच्या आकारापेक्षाही खोल गेलेल्या असू शकतात. म्हणून प्रत्येक टप्प्यावर मागच्या टप्प्याची सगळी घाण खोदून काढायची, मगच पुढे जायचं. इथे घाई करणाऱ्याला शिक्षा तत्काळ मिळत नाही. ती तपासणीच्या दिवशी, तिरप्या प्रकाशात, चार माणसांसमोर मिळते.

कुणी म्हणेल, एवढ्या भानगडीपेक्षा साधं मीठ घ्या. उत्तम कल्पना. अवरक्त वर्णपटासाठी सैंधवासारख्या शुद्ध मिठाच्या चकत्या प्रयोगशाळांत वापरतातच. फक्त त्या पाण्याने नव्हे तर अल्कोहोलने घासायच्या, त्यांच्यावर श्वास सोडायचा नाही, आणि हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळू लागतं हे लक्षात ठेवायचं. मुंबईत जुलैमध्ये हा प्रयोग केलात तर झिलई बघायला मिळणार नाही. थेंब बघायला मिळेल.

पायरी शेवटची: धुणं. तापलेला तुकडा नळाखाली धरू नका, तडकेल. खोलीच्या तापमानाला तासन्‌तास ठेवा, मग मोजा. मोजल्यावर बहुधा चौथ्या पायरीवर परत जावं लागेल.

आणि एक विनंती: पहिला तुकडा काचेचाच घ्या. तो बिघडला तर पुन्हा घासता येतो, शिवाय स्वस्तात मिळतो.