भरवशाची म्हैस

आमच्या घरात इंटरनेट येतं ते थेट चपलांच्या कपाटात. बंगळुरूच्या हेब्बाळमधल्या आमच्या बिल्डिंगीत फायबरची तार डक्टमधून वर चढते आणि दाराच्या चौकटीतून आत शिरते. जोडणीवाल्या पोराची तार जिथे संपली, तिथेच त्याने खिळा ठोकला. माझं ऑफिस पार दुसऱ्या टोकाला, मागच्या बेडरूममध्ये. मध्ये तीन भिंती, बाथरूमच्या टाइल्स आणि आईचं लोखंडी कपाट. हे कपाट सांगलीहून आलंय. त्यातून डांबरगोळ्यांचा वास बाहेर येत नाही, तिथे रेडिओलहरींचं काय घेऊन बसलात!

परिणाम असा, की मीटिंगमध्ये मी ‘हो’ म्हटलं की ते पलीकडे पोहोचेपर्यंत पुढचा प्रश्न विचारून झालेला असे. अशाच एका उशिरा पोहोचलेल्या ‘हो’मुळे सलग दोन शनिवार माझ्या गळ्यात पडले, तेव्हा मी नवा राउटर घ्यायला एस. पी. रोडला गेलो.

“भरवशाचा कुठला?” मी विचारलं. दुकानदाराने माझ्याकडे एकदा निरखून पाहिलं आणि सहा अँटेनांचा खोका पुढे सरकवला. म्हैस घेताना शहाणा माणूस कास बघतो. मी शिंगं बघितली.

खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘एसी १२००’ लिहिलं होतं. हा आकडा कसा बनतो ते घरी आल्यावर कळलं. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावरचे कागदोपत्री ३००, ५ गिगाहर्ट्झवरचे ८६७, दोन्हींची बेरीज करायची आणि वर थोडी फुगवायची. माझा फोन एका वेळी एकाच पट्ट्यावर बोलणार, हे त्यात धरायचं नाही. लग्नाच्या स्थळात मुलाच्या पगारात वडिलांचं पेन्शन आणि गावाकडच्या द्राक्षांचा अंदाज मिळवून ‘कौटुंबिक उत्पन्न’ लिहितात, तसलाच हा प्रकार.

मग मागची बाजू पाहिली, म्हणजे कास. आमचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा आणि या पठ्ठ्याची सगळी पोर्टं शंभराची. भरवशाच्या म्हशीला टोणगा! बायकोला हे समजावायला मला फार शब्द लागले नाहीत, नुसतं बाल्कनीतून बोट दाखवलं. विमानतळाकडून गाड्या सुसाट येतात आणि हेब्बाळच्या उड्डाणपुलाच्या तोंडाशी येऊन निवांत बसतात. मागे रस्ता कितीही रुंद असो, तोंड तेवढंच. “मग आपण पैसे रुंद रस्त्याचे भरतोय?” तिने विचारलं. यावर मी आत जाऊन चहा ठेवला.

मीटिंग अडखळतच राहिली, तेव्हा इंटरनेट कंपनीकडे तक्रार केली. त्यांचा माणूस फोनवर म्हणाला, “नाळे बर्तीनि सार,” उद्या येतो. नव्वदच्या दशकात या शहरात अफवा होती, की रात्री एक चेटकीण ओळखीच्या आवाजात हाक मारत दार वाजवते. लोकांनी दारांवर लिहून ठेवलं, ‘नाळे बा’, उद्या ये. ती बिचारी वाचून परत जायची, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचायची. ‘स्त्री’ सिनेमातल्या भिंतींवरचं ‘कल आना’ याच जातीचं. फरक एवढाच, की आमच्याकडे ‘नाळे’ तो म्हणत होता आणि चेटकिणीसारखा ताटकळत मी होतो.

नवव्या दिवशी तो खरंच आला. विशीतला पोरगा, खांद्याला सॅक. त्याने शिंगाड्या राउटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चपलांचं कपाट पाहिलं, भिंतींवर टिचक्या मारल्या आणि म्हणाला, वायर ओढा. चपलांपासून बेडरूमपर्यंत कॅट सिक्सची केबल न्या आणि शिंगाड्याला तिकडे नेऊन बसवा. आणि वेग? मीटिंगला चार-पाच एमबीपीएस खूप झाले, शंभर कशाला हवेत! माझा आठवड्याचा अभ्यास त्याने अर्ध्या मिनिटात निकालात काढला.

मी घाईघाईने आधीच आणलेली स्वस्त केबल पुढे केली. त्याने टोक सोलून आतली लालसर तार ब्लेडने हलकेच खरवडली. खालून पांढरं चकाकलं. “कॉपर अल्ला सार,” तांबं नव्हे. वर तांब्याचा मुलामा, आत अल्युमिनियम. बेन्टेक्सच्या पाटल्यांत फसलेल्या माणसासारखा मी ती तार हातात घेऊन उभा. शेवटी त्याच्याच सॅकमधली पंधरा मीटर अस्सल तांब्याची केबल घेतली. जाता जाता त्याने दोन्ही डब्यांना, कपाटातल्या फायबरच्या आणि राउटरच्या, छोटे यूपीएस लावायला सांगितलं. हे मात्र खरं शहाणपण. वीज गेली की आमचा जनरेटर दहा-बारा सेकंदांत येतो, पण तेवढ्यात राउटर मूर्च्छा येऊन पडतो आणि शुद्धीवर यायला तीन मिनिटं घेतो. फायबरला वाटेत विजेची गरज नसते, गरज असते ती आपल्या घरातल्या डब्यांना.

केबल पॅसेजमधून, डोक्याच्या उंचीवरून, खिळ्याखिळ्यांनी गेली. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये माझा ‘नाही’ अगदी वेळेवर पोहोचला. त्या आनंदात बाहेर आलो, तर पॅसेजमध्ये आईचं पोलकं, पंचा आणि दोन टॉवेल ओळीने वाळत होते.

“बरं केलंस रे दोरी बांधलीस ते,” आई चिमटा लावत म्हणाली. “इथल्या पावसात मेलं काही वाळतच नाही.”