बोट आहे तिथे कळ

कॅप्स लॉक ही कळ नेमकी कोणासाठी ठेवली आहे, हे मला आजवर कोणी पटेल असं सांगितलेलं नाही. डाव्या करंगळीच्या अगदी शेजारची मोक्याची जागा, रुंदीही चांगली ऐसपैस, आणि काम काय, तर पासवर्ड चुकवणं. नाही म्हणायला आमच्या नात्यातले एक काका तिचा सढळ वापर करतात. त्यांच्या ईमेलमधल्या वाढदिवसाच्या शुभेच्छासुद्धा अंगावर येतात.

दिवसभर काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून पोट भरणाऱ्या आम्हा मंडळींनी या कळीचा निकाल केव्हाच लावला आहे. तिथे आम्ही कंट्रोल आणून बसवतो. याला कोणी अतिक्रमण म्हणेल, तर त्याने जुने कागद तपासावेत. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ साली आला, तेव्हा 'ए'च्या डावीकडे कंट्रोलच होतं. जुन्या युनिक्स यंत्रांवरही बऱ्याचदा तेच. पुढे १०१ कळांचा कीबोर्ड निघाला, कॅप्स लॉकने ती जागा बळकावली आणि कंट्रोलची रवानगी तळाच्या कोपऱ्यात झाली. आम्ही फक्त मूळ मालकाला ताबा मिळवून देतो. लिनक्सवर त्यासाठी एक ओळ लिहावी लागते. दिवाणी दाव्यापेक्षा हे कितीतरी लवकर होतं.

फक्त घरात एकच लॅपटॉप असेल तर ती ओळ लिहिण्याआधी घरात विचारावं. आमची ही आमच्या सोसायटीची सेक्रेटरी आहे. पार्किंग, पाण्याची टाकी, जिन्यात चपला ठेवणं या विषयांवरच्या तिच्या नोटिसा इंग्रजीत आणि मोठ्या लिपीत असतात, कारण लहान लिपीतली नोटीस आमच्या विंगमध्ये कोणी मनावर घेत नाही. कॅप्स लॉकचा जगातला एकमेव प्रामाणिक वापरकर्ता माझ्याच घरात निघाला.

"अहो, ही कळ मेली का?"

"मेली नाही. तिचं आता कंट्रोल केलंय. तुला कॅप्स हवं असेल तर दोन्ही शिफ्ट एकदम दाबायच्या. तशी सोय आहे."

"दोन्ही हात शिफ्टवर. मग नोटीस काय नाकाने लिहू?"

एकदाच दाबायच्या असतात, धरून ठेवायच्या नसतात, हे मी समजावून सांगितलं. पण काही स्पष्टीकरणं तांत्रिकदृष्ट्या अचूक असूनही घरात चालत नाहीत. शेवटी त्याच लॅपटॉपवर तिचं वेगळं खातं उघडलं. तिच्या खात्यात कॅप्स लॉक सुखाने नांदतो आहे आणि जिन्यातल्या चपला हलल्या आहेत.

हे झालं कीबोर्डचं. खरी मौज त्या काळ्या खिडकीच्या आत आहे. तिला टर्मिनल एम्युलेटर म्हणतात, म्हणजे टर्मिनलचं सोंग घेणारा बहुरूपी. सोंग कोणाचं, तर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने १९७८ साली काढलेल्या व्हीटी-१०० या यंत्राचं आणि त्याच्या भाऊबंदांचं. ही सोंगं इतकी इमानी, की एखाद्या प्रोग्रॅमने "तू कोण?" असा संकेत पाठवला, तर आजच्या लॅपटॉपवरची कितीतरी टर्मिनलं "मी व्हीटी-१००, दुसरं कोण?" अशा थाटाचं उत्तर देतात. यंत्र केव्हाच भंगारात गेलं, पण त्याच्या सवयी आम्ही अजून पाळतो आहोत.

त्यातली सगळ्यात चिवट सवय म्हणजे बॅकस्पेसचं भांडण. मागचं अक्षर खोडायला कळीने संगणकाला कुठला आकडा पाठवायचा, ८ की १२७? आठवाल्यांचं म्हणणं, बॅकस्पेसचा अधिकृत आकडा ८ आहे. १२७वाल्यांचं घराणं कागदी फितीपर्यंत जातं. त्या फितीवर अक्षर म्हणजे भोकांची रांग. चूक झाली तर पाडलेलं भोक बुजवता येत नाही, मग काय करायचं? त्या रांगेतली सातही भोकं पाडून टाकायची. सगळी भोकं म्हणजे १२७, म्हणजे "इथे काही लिहिलेलंच नव्हतं". पुराव्याची अशी विल्हेवाट लावायची कल्पना पुढे कुठे कुठे पोचली, तो वेगळा विषय. सांगायचं इतकंच, की तुमची खिडकी ८ पाठवत असेल आणि पलीकडचा सर्व्हर १२७ची वाट बघत असेल, तर काही खोडलं जात नाही. पडद्यावर टोपी आणि एच, टोपी आणि एच अशी माळ उमटत राहते आणि जितकं चिडून खोडावं तितकी ती लांबते. सायमन टॅथम यांच्या पुट्टी या प्रोग्रॅममध्ये तर 'बॅकस्पेस म्हणजे काय' हे ठरवायला दोन गोल बटणं आहेत. कुठल्या पक्षात जायचं ते ज्याने त्याने ठरवावं.

दुसरी भानगड कंट्रोलची. अक्षराचा जो आकडा असेल त्यातून ६४ वजा करणं, एवढंच या कळीचं जुन्या हिशोबात काम. 'आय'चा आकडा ७३. चौसष्ट गेले, उरले ९. आणि ९ म्हणजे टॅब. 'एम'चे ७७, उरले १३, म्हणजे एंटर. चौकटी कंसाचे ९१, उरले २७, म्हणजे एस्केप. याचा अर्थ, कंट्रोल-आय आणि टॅब या दोन कळा आपल्याला वेगळ्या दिसतात, पण खिडकीच्या आतल्या माणसाला दोन्हीकडून एकच ९ ऐकू येतो. आमच्या ऑफिसातल्या एका उत्साही मुलाने कंट्रोल-आयला 'मागची आज्ञा पुन्हा चालव' असं काम जोडलं. दिवसभर त्याने फाइलचं नाव पूर्ण करायला टॅब दाबला की मागची आज्ञा पुन्हा चालायची. मागची आज्ञा फाइली हलवण्याची होती. संध्याकाळपर्यंत त्या इतक्या हलल्या, की रात्री सगळे मिळून त्या शोधत होतो.

यावर अलीकडे तोड निघाली आहे. 'कॅलिबर' हा ई-पुस्तकं सांभाळणारा प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कोविद गोयल यांनी 'किटी' नावाचं टर्मिनल काढलं आणि त्यात कळा ओळखण्याची नवी पद्धत घातली. तिच्यात टॅब तो टॅब आणि कंट्रोल-आय ते कंट्रोल-आय. अट एकच, पलीकडच्या प्रोग्रॅमलाही ती पद्धत कळली पाहिजे. मी "आता किटी लावतोय" असं म्हणालो तेव्हा हिने "कोणाकडे?" असं विचारलं. तो गैरसमज मी दूर केला नाही.

कळा बदलायच्या म्हणजे एक फाइल लिहायची. कुठल्या टर्मिनलला ती कुठल्या भाषेत लागेल याचा नेम नाही. वेझटर्मला ल्युआ लागते. अलाक्रिटीने आधी सगळ्यांना यामल शिकवलं आणि मग सांगितलं, आता टॉमल. आम्ही निमूटपणे पुन्हा लिहून काढली. पाच सेकंद वाचवणाऱ्या एका कळीसाठी माणूस अख्खा रविवार घालवू शकतो, आणि संध्याकाळी विचारलं तर "काम करत होतो" असं सांगतो.

पण या फायलीचा खरा उपद्रव तिच्याबाहेर पडल्यावर सुरू होतो. टर्मिनलमध्ये कंट्रोल-डब्ल्यू दाबलं की मागचा एक शब्द पुसला जातो. फार सुरेख सोय आहे. बोटांना तिची चटक लागते. ब्राउझरमध्ये त्याच कळा दाबल्या की अख्खा टॅब बंद होतो. अर्जाचं सातवं पान, वडिलांचं नाव, आडनाव, त्यात एक वेलांटी चुकली, शब्द पुसायला करंगळी गेली, आणि वडिलांसकट अर्ज नाहीसा. तसंच कॉपीचं. टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे चालू काम ठार मारणं, म्हणून कॉपी करताना जोडीला शिफ्ट घ्यायची. ही सवय घेऊन ब्राउझरमध्ये गेलं, की कॉपी होत नाही, पानाची आतडी बाहेर काढून दाखवणारी एक खिडकी उघडते. बघणाऱ्याला वाटतं, हा हॅकर आहे.

आता मराठीकडे येतो, कारण मी रात्री याच खिडकीत मराठीही लिहितो, इनस्क्रिप्टने. इनस्क्रिप्टची मांडणी शहाणी आहे, स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. पण मराठी चालू राहिलं आणि हात आज्ञा द्यायला लागले, की गंमत होते. फाइलींची यादी दाखवणारी 'एलएस' ही आज्ञा इनस्क्रिप्टमध्ये उमटते 'ते'. खिडकी उत्तर देते, 'ते: कमांड नॉट फाउंड'. भुताने झपाटलेल्या वाड्यात ऐकू यावं असं हे वाक्य आहे. मदतीची पानं उघडणारी 'मॅन' ही आज्ञा होते 'सोल'. 'व्हीआय'चं होतं 'नग'. 'मेक'चं 'सोका'. नक्कल करणाऱ्या 'सीपी'चं 'मज'. सगळीकडे मात्र जमत नाही. बाहेर पडायचं 'एक्झिट' उमटतं 'ांगू', 'सांगू' म्हणता म्हणता 'स' गिळल्यागत. फाइल पुसणारी 'आरएम' आणि मालकी हक्क देणारी 'सुडो' या दोन्ही आज्ञा मात्रेनेच सुरू होतात, त्यामुळे टिंबांच्या गोलाला लटकून राहतात. मराठी चालू असताना माणूस काही पुसूही शकत नाही आणि मालकही होऊ शकत नाही.

मी शेवटी पर्यायी नावं देऊन टाकली. आता माझ्या मशीनवर 'ते' म्हटलं की यादी येते आणि 'सोल' म्हटलं की पुस्तक उघडतं. व्हिममध्ये 'लँगमॅप' नावाची सोय आहे, तीही भरली. कर्सर हलवायला तिथे एच, जे, के, एल वापरतात, कारण बिल जॉय यांनी व्हीआय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर लिहिला त्याच्या याच चार कळांवर बाण छापलेले होते. माझ्याकडे आता प डावीकडे, र खाली, क वर, त उजवीकडे. अख्खी ओळ काढून टाकायला तिथे 'डी' दोनदा दाबतात. इनस्क्रिप्टमध्ये 'डी'वर पायमोडीचं चिन्ह आहे. म्हणजे आमच्याकडे ओळीचे दोन्ही पाय मोडले, की ओळ जाते.

हे सगळं कौतुकाने मी मामांना दाखवलं. मामा जिल्हा परिषदेत टंकलेखक होते. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये 'एएसडीएफजीएफ, सेमीकोलन एलकेजेएचजे' घोटून घोटून त्यांची बोटं तयार झालेली. मराठी रेमिंग्टन तर डोळे मिटून. त्यांनी माझी फाइल वरपासून खालपर्यंत वाचली. सरकारी कागद वाचायची सवय, एक ओळ सोडत नाहीत.

"म्हणजे भाचेबुवा, कळ तिच्या जागेवर आहे, तिथे तुमचं बोट जात नाही, म्हणून तुम्ही कळ हलवलीत?"

"हो मामा. बोटांचे कष्ट वाचतात."

"बोट आहे तिथे कळ यायला ती काय रिक्षा आहे? आणि रिक्षा तरी कुठे येते?"

मामा पंचायत समितीत, तहसिलीत, जिल्हा कोर्टात, जिथे जागा रिकामी असेल तिथे बसून टाइप करू शकत. माझं तसं नाही. परवा एका ग्राहकाच्या ऑफिसात त्यांच्या मशीनवर बसलो. ओळीच्या सुरुवातीला जायला कंट्रोल-ए म्हणून कॅप्स लॉक आणि ए दाबलं, आणि पुढचं सगळं मोठ्या लिपीत उमटत गेलं. युनिक्सला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक फार कडक. एकही आज्ञा चालेना. शेजारी उभा असलेला त्यांचा पोरगेला इंजिनिअर अदबीने म्हणाला, "सर, कॅप्स लॉक ऑन आहे." या क्षेत्रात इतकी वर्षं काढलेल्या माणसाला यापेक्षा लागेल असं वाक्य नाही. तेव्हा मामांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे, आणि मी फायलीतली एक ओळही बदलणार नाही.

कळा बदलणं ज्यांना झेपणार नाही किंवा ज्यांचे मामा अधिक कडक आहेत, त्यांनी निदान एवढं करावं. वर्डच्या सवयीने सेव्ह करायला कंट्रोल-एस दाबलं, की ही काळी खिडकी गप्प होते. काही टाइप केलं तरी हूं की चूं नाही. नवी मुलं घाबरून खिडकी बंद करतात आणि आतलं चालू काम घालवून बसतात. मशीन बिघडलेलं नसतं. टेलिटाइपच्या काळापासून कंट्रोल-एस म्हणजे 'थांब' आणि कंट्रोल-क्यू म्हणजे 'चल'. तर खिडकी गोठली की आधी कंट्रोल-क्यू दाबा, आणि तरीही हलली नाही तरच आम्हाला फोन करा. रविवारी करू नका, रविवारी आम्ही कामात असतो.